चिकटलेलं आणि जुळलेलं

न्हावा शेवाच्या जेट्टीजवळ खाडीच्या पाण्यात स्वच्छ घासलेली काचेची पट्टी सोडली, तर तिच्यावर सगळ्यात आधी काय बसेल? कोणी शेवाळ म्हणेल, कोणी कालवं. जहाजदुरुस्तीत हयात घालवलेला माणूस बार्नॅकल म्हणेल, कारण तळाला घट्ट धरून बसलेली ती कठीण पांढरी कवचं त्याने स्वतः खरवडून काढलेली असतात. हे सगळे येतातच. पण त्यांच्या आधी, पट्टी पाण्यात गेल्यावर काही मिनिटांतच, एक थर बसून गेलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात विरघळलेली प्रथिनं, शर्करा, मेलेल्या जीवांचे सुटे रेणू यांचा तो थर. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या लोब आणि नीहॉफ यांनी १९७५ साली त्याचं वर्णन केलं. 'कंडिशनिंग फिल्म' या नावाने तो ओळखला जातो. त्याच्यावर जिवाणू येतात, मग डायटम, आणि पुढे बार्नॅकलची पिल्लं जागा शोधत येतात.

२६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झालं, आणि जगभरच्या जहाजांचे तळ या पाण्यात येऊ-जाऊ लागले. तळाला चिकटून आणि जहाजं समतोलासाठी भरून आणतात त्या बॅलास्टच्या पाण्यातून इथे काय काय येतं, याचा प्रश्न इतका खरा होता की या शतकाच्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'ग्लोबॅलास्ट' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांतल्या जीवांची पाहणी केली. त्या पाहणीचा विषय जिवंत प्राणी आणि वनस्पती हा होता. मला मात्र त्यांच्या आधीची ती पहिली काही मिनिटं मोलाची वाटतात. काचेचं आणि त्या प्रथिनांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. उत्क्रांतीत त्यांची कधी गाठ पडलेली नाही. तरी ती चिकटली. पृष्ठभाग मिळाला आणि ती बसली, एवढंच.

ही गोष्ट ज्याला मनापासून पटली, त्याला पुल-डाउन नावाच्या प्रयोगातला निम्मा त्रास समजला असं मी मानतो.

न्हावा शेवाहून उलव्यामार्गे खारघरला गेलं की टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोग संशोधन संस्था लागते. परळच्या जुन्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटचं काम आता इथे चालतं. पेशीत कोणतं प्रथिन कोणाच्या हातात हात घालून काम करतं, हा कर्करोगाच्या अभ्यासातला अगदी मुळातला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधण्याच्या रोजच्या पद्धतींपैकी एक म्हणजे पुल-डाउन. कल्पना साधी आहे. ज्या प्रथिनाचे साथीदार शोधायचे ते आमिष म्हणून बारीक मण्यांवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत बीड्सवर, बांधायचं. पेशी फोडून तयार केलेला रस, ज्याला सगळे लायसेट म्हणतात, त्यात हे बीड्स तासभर थंडीत फिरवायचे. आमिषाला जे धरतील ते बीड्सबरोबर खाली येतात. बाकीचं धुऊन टाकायचं आणि राहिलेलं प्रथिनांना वजनानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर चालवून पाहायचं.

आमिष बीड्सवर बांधण्याची सगळ्यात रुळलेली युक्ती एका कृमीकडून आलेली आहे. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत डोनाल्ड स्मिथ आणि केव्हिन जॉन्सन हे शिस्टोसोमा जॅपोनिकम या माणसाच्या रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमीचा अभ्यास करत होते. त्या कृमीचं ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज, म्हणजे जीएसटी, हे २६ किलोडाल्टनचं एन्झाइम ग्लुटाथायोन या छोट्या रेणूला नेमकं धरतं. १९८८ साली त्यांनी दाखवलं की कोणत्याही प्रथिनाला हा जीएसटीचा तुकडा जोडला, की ते जोडप्रथिन ग्लुटाथायोन लावलेल्या बीड्सवर सहज बसतं आणि जवळपास शुद्ध मिळतं. आज जगातल्या हजारो प्रयोगशाळांत हे रोज होतं. बीड्स बहुधा अ‍ॅगारोजचे, म्हणजे लाल समुद्री शेवाळातून काढलेल्या शर्करेचे. ती शर्करा निवडण्याचं कारणच हे की ती पाणी धरून ठेवते आणि प्रथिनांना फारसं चिकटू देत नाही. 'फारसं' हा शब्द मात्र इथे नीट वाचायला हवा.

उदाहरणासाठी अ‍ॅक्ट्रेकमध्येच वर्षानुवर्षं अभ्यासलं गेलेलं प्रथिन घेऊ. त्याचं नाव आकड्यांचं आहे: १४-३-३. १९६७ साली गाईच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना ते ज्या भागात आणि जेलवर ज्या जागी सापडलं, त्यावरून हे नाव पडलं. माणसात त्याची सात रूपं आहेत. दुसऱ्या प्रथिनावर ठरावीक जागी फॉस्फेट लागलेलं असलं तरच हे बहुधा त्याला धरतं. सीडीसी२५सी हे त्याचं प्रसिद्ध गिऱ्हाईक. पेशीला विभाजनाकडे ढकलणारं हे प्रथिन. त्याच्या २१६ व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लागलं की १४-३-३ त्याला धरतं आणि वेळ येईपर्यंत पेशीद्रवात थोपवून ठेवतं. पुढे अ‍ॅक्ट्रेकमध्ये १४-३-३ वर मोठं काम उभं करणारे डॉ. सोराब दलाल यांनी अमेरिकेत असताना सहकाऱ्यांसह १९९९ साली दाखवलं, की १४-३-३ ला धरण्याची ती जागा मोडली की सीडीसी२५सीचं पेशीद्रवातलं वास्तव्यही मोडतं. म्हणजे हे नातं एका अणुगटावर उभं आहे. विशिष्ट जुळणं म्हणजे काय, हे याहून स्वच्छ क्वचितच दिसेल.

आता जीएसटीला जोडलेलं १४-३-३ बीड्सवर घ्या, माणसाच्या पेशींच्या लायसेटमध्ये फिरवा, धुवा आणि जेल चांदीने रंगवा. शेजारच्या रकान्यात कंट्रोल म्हणून नुसतं जीएसटी. पहिल्यांदा हे करणाऱ्याची अपेक्षा अशी असते की कंट्रोलच्या रकान्यात २६ किलोडाल्टनवर जीएसटीचा एकच जाड पट्टा असेल आणि बाकी जेल स्वच्छ. प्रत्यक्षात कंट्रोलचा रकानाही भरलेला निघतो. सत्तरच्या आसपास एक पट्टा, पंचावन्नच्या खाली एक, बेचाळीसला एक ठसठशीत, खाली पंधराच्या घरात दोन-चार. चांगला हात बसलेला माणूस जेल उजेडाकडे धरून नावं सांगू लागतो: वरचं एचएसपी७०, मधलं ट्युब्युलिन, बेचाळीसचं अ‍ॅक्टिन, खाली हिस्टोन. ही मंडळी कोणत्याही आमिषाला येतात. १४-३-३ लावा, दुसरं काही लावा, काहीच लावू नका, ती हजर.

याचं कारण हिशेबाने पाहू. समजा एका प्रथिनाच्या पेशीत एक कोटी प्रती आहेत आणि बीड्सशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यातलं हजारात एक उगाच चिकटलं तरी दहा हजार प्रती झाल्या. उलट आमिषाच्या खऱ्या साथीदाराच्या पेशीत हजारच प्रती आहेत आणि त्यातल्या चक्क निम्म्या आल्या, तर पाचशे. जेलवर उपऱ्याचा पट्टा साथीदाराच्या वीसपट जाड दिसणार. पट्टा किती जाड आहे यावरून तो खरा की खोटा हे कळत नाही, आणि साथीदार अनेकदा डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे 'घाण जरा कमी करा' एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही. आधी चिकटण्याची कारणं वेगवेगळी ओळखावी लागतात, कारण एका कारणावरचा उपाय दुसऱ्याला पोसतो.

मीठ हे त्याचं उत्तम उदाहरण. प्रथिनांवर धन आणि ऋण भार असतात, आणि विरुद्ध भारांची ओढ हे उगाच चिकटण्याचं पहिलं कारण. पाण्यात मीठ वाढवलं की त्याचे आयन मध्ये येतात आणि ही ओढ सैल पडते. पेशीच्या जवळपासची क्षारता म्हणून बफरमध्ये, म्हणजे प्रयोगाच्या द्रावणात, साधारण १५० मिलिमोलर मीठ घालतात. उगाच चिकटणाऱ्यांची ही पार्श्वभूमी फार आली की ते ३००, ५०० पर्यंत चढवतात आणि पुष्कळदा फरक पडतो. यावरून असं वाटू शकतं की मीठ वाढवत गेलं की सगळंच सुटेल. पण खाडीतली ती काचेची पट्टी आठवा. समुद्राच्या पाण्यात जवळजवळ अर्धा मोलर मीठ असतं, नेहमीच्या बफरच्या तिप्पट, आणि तरी प्रथिनं मिनिटांत तिच्यावर बसतात. कारण दुसरी ओढही आहे. प्रथिनाचे काही भाग तेलकट असतात, पाण्यापासून दूर जाऊ पाहतात, आणि दुसरा तेलकट पृष्ठभाग भेटला की तिथे आसरा घेतात. मीठ या ओढीला सैल करत नाही. फार वाढलं तर उलट घट्ट करतं. अमोनियम सल्फेट घालून प्रथिनं साकळवतात त्याच्या मुळाशी हेच आहे. म्हणून मिठाच्या जोडीला डिटर्जंट लागतो: ट्रायटन एक्स-१००, एनपी-४० किंवा ट्वीन-२०, बहुधा ०.१ ते १ टक्का. तेलकट भागांना डिटर्जंटचे रेणू वेढून बसतात आणि त्यांना दुसरा आसरा लागत नाही. मीठ आणि डिटर्जंट हे एकाच औषधाचे दोन डोस नव्हेत, ती दोन वेगळ्या दुखण्यांची दोन औषधं आहेत. माझ्या पाहण्यात पुल-डाउनचा बफर सुधारताना सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते हे न ओळखल्याने. विद्यार्थी एकच गोष्ट वाढवत बसतो.

तिसरं कारण जास्त फसवं आहे. आमिष बहुधा ई. कोलाय जिवाणूत तयार केलेलं असतं. त्याच्या अंगाला जिवाणूच्या डीएनए-आरएनएचे तुकडे लागून येतात, आणि लायसेटमध्ये मानवी पेशीचा डीएनए असतोच. आमिषाने डीएनए धरला आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच प्रथिनाने तोच धरला, तर जेलवर दोघांचं नातं दिसतं, आणि ते नेहमीच्या मीठ-डिटर्जंटने बहुधा सुटतही नाही. कंट्रोलमध्येही ते येत नाही, कारण नुसतं जीएसटी डीएनएला धरत नाही. म्हणजे हा उपरा खऱ्या साथीदाराच्या सगळ्या खुणा घेऊन येतो. १९९२ साली लाय आणि हेर यांनी इथिडियम ब्रोमाइड लायसेटमध्ये घालून डीएनएवरच्या अशा जोड्या सोडवता येतात हे दाखवलं. २००६ साली न्गुयेन आणि गुडरिच यांनी आमिष आणि लायसेट दोन्हींवर न्यूक्लिएज हे एन्झाइम चालवण्याचा आग्रह धरला. हे काम करणारे लोक आता सर्रास बेंझोनेज हे न्यूक्लिएज घालतात. प्रतिलेखनाशी किंवा डीएनए-दुरुस्तीशी संबंध असलेल्या कोणत्याही प्रथिनाचं पुल-डाउन न्यूक्लिएजशिवाय केलेलं असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवायला मी कचरतो.

आणि एचएसपी७०? ते मात्र आपलं काम चोख करत असतं. अर्धवट उलगडलेलं प्रथिन दिसलं की त्याला धरून ठेवायचं, हेच त्याचं काम. आमिषाचा काही भाग नीट घडी न बसलेला असेल तर एचएसपी७० तिथे खरोखर धरतं. चिकटणं खरं आहे, फक्त ते आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. मॅग्नेशियमबरोबर एटीपी घालून धुतलं तर त्यातलं बरंचसं सोडून जातं, कारण ते धरतं आणि सोडतं ते एटीपीच्या चक्रावर. पण ते फार आलं तर खरा इशारा आमिषाबद्दल असतो: जिवाणू थंड तापमानाला वाढवा, प्रथिन सावकाश बनू द्या, गोळा झालेलं बाजूला काढा. धुण्याच्या टप्प्यावर दिसणारा दोष कितीतरी वेळा त्याआधी दोन दिवसांच्या कामातला असतो.

पृष्ठभागाकडे परत येतो. उगाच चिकटणं पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बीड्स कमी घेणं. दहा मायक्रोलिटरवर आमिष मावत असेल तर पन्नास घालण्याने फक्त रिकामी जागा वाढते. त्या रिकाम्या जागेवर आधीच निरुपद्रवी प्रथिन, बहुधा बीएसए, बसवून ठेवतात. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. त्याचीही किंमत असते. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर जायचं असेल तर बीएसएचा डोंगर बाकीच्यांना झाकतो, आणि बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनच्या प्रयोगात दूध वापरलं तर दुधातलंच बायोटिन बीड्सच्या जागा अडवतं. याहून मला आवडणारा उपाय म्हणजे प्री-क्लिअरिंग: लायसेट आधी आमिषाविनाच्या बीड्सवर फिरवायचं. ज्यांना बीड्सलाच चिकटायचं आहे ते तिथे चिकटतात, आणि उरलेलं लायसेट आमिषाला द्यायचं. बीड्स बदलणं हाही उपाय आहे, पण त्याने चिकटणं थांबत नाही, चिकटणारे बदलतात. अ‍ॅगारोजवर येणारी यादी आणि चुंबकीय बीड्सवर येणारी यादी वेगवेगळी असते. डंडी विद्यापीठात लॉरा ट्रिंकल-मुल्काही, अँगस लॅमंड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या याद्याच प्रसिद्ध केल्या, नुसत्या बीड्सना काय काय चिकटतं याच्या.

आता धुणं. यावर जरा थांबायला हवं, कारण सल्ला देणारा प्रत्येक जण 'अजून दोनदा धुवा' असं म्हणतो.

एक मिलिलिटर लायसेट, त्यात एक मिलिग्राम प्रथिन. बीड्स खाली बसवून वरचं काढलं की बीड्सच्या आत-बाहेर साधारण ५० मायक्रोलिटर द्रव उरतो, म्हणजे ५० मायक्रोग्राम प्रथिन. एक मिलिलिटरपर्यंत बफर भरून, हलवून, पुन्हा ५० पर्यंत काढलं की अडीच मायक्रोग्राम. दुसऱ्यांदा ०.१२५. तिसऱ्यांदा सुमारे ६ नॅनोग्राम, आणि तेही हजारो प्रथिनांत वाटलेले. म्हणजे तीन वॉशनंतर नुसतं तरंगत राहिलेलं असं काही उरत नाही. त्यानंतर जेलवर जे दिसतं ते न धुतलेलं नव्हे, ते चिकटलेलं आहे. त्याच बफरने चौथा, सहावा, दहावा वॉश दिला तर चिकटलेलं फारसं हलत नाही. मग हलतं काय? खरा साथीदार.

हेही आकड्यांत पाहता येतं. दोन प्रथिनं एकमेकांना धरतात तेव्हा सतत धरत-सोडत असतात. पकड नॅनोमोलरच्या घरातली, म्हणजे बरीच घट्ट असेल आणि जवळ येण्याचा वेग नेहमीसारखा असेल, तर एका जोडीचं अर्ध-आयुष्य साधारण साडेअकरा मिनिटं येतं. पंधरा मिनिटं धुण्यात गेली तर सुटलेलं सगळं वाहून जातं असं धरल्यास चाळीस टक्के उरतं. पकड दहापट सैल असेल तर अर्ध-आयुष्य मिनिटाच्या जरा वर, आणि पंधरा मिनिटांनी हिशेबाने जवळजवळ काहीच उरत नाही. मायक्रोमोलर पकड, जी पेशीतल्या संदेशवहनात अगदी नेहमीची आहे, ती तर सेकंदाच्या आत सुटते. प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसतं, कारण बीड्सवर आमिष दाटीने असल्याने सुटलेलं पुन्हा शेजारी धरलं जातं. पण दिशा हीच. म्हणजे एकाच बफरने जास्त वेळ धुणारा, पार्श्वभूमी तशीच ठेवून आपण शोधत असलेली गोष्टच घालवत असतो. धुणं थोडं, झटपट आणि थंड हवं. बदलायचा तो बफर. एकदा मीठ चढवलेला, एकदा डिटर्जंट चढवलेला, शेवटी डिटर्जंट काढून टाकणारा साधा.

आणि या झटपट कामात हात दिसतो. बीड्स खाली बसल्यावर त्यांच्या डोक्यावरून द्रव काढताना साध्या टिपने शेवटचे थेंब निघत नाहीत आणि बीड्स आत ओढले जातात; जेल भरण्याची ती लांब बारीक टिप लावून, नळी जरा तिरपी धरून, कडेने सावकाश काढावं लागतं. नळीचं झाकण आणि वरची भिंतही ओली असते, लायसेटने ओली. तिथला थेंब शेवटच्या वॉशनंतर खाली ओघळला की सगळा हिशेब चुकतो, म्हणून प्रत्येक वॉशला नळी उलटसुलट करून भिंत धुवायची. नळीचं प्लास्टिकही एक पृष्ठभाग आहे, काचेच्या त्या पट्टीसारखाच, आणि तासभर लायसेटमध्ये राहून त्याच्यावर प्रथिनं बसलेली असतात. ती धुण्याने जात नाहीत, पण एसडीएस हा कडक डिटर्जंट घालून उकळलं की निघतात आणि थेट जेलवर येतात. शेवटच्या वॉशआधी बीड्स नव्या नळीत हलवणं या एका गोष्टीने कित्येक जेल निम्म्याने स्वच्छ झालेली दिसतात. पुस्तकात ही ओळ क्वचित असते; शेजारच्या टेबलावरचा माणूस सांगतो तेव्हा कळते.

उकळण्याचा उल्लेख आला तर एल्यूशनबद्दलही, म्हणजे धरलेलं बीड्सवरून उतरवण्याबद्दलही सांगायला हवं. एसडीएसमध्ये उकळणं सोपं आहे, पण त्यात भेदभाव नाही. आमिषाला धरलेलं, बीड्सला चिकटलेलं, नळीला लागलेलं, सगळं एकदम उतरतं. त्याऐवजी १० ते २० मिलिमोलर ग्लुटाथायोन घातलं तर ते जीएसटीच्या खाचेत बीड्सवरच्या ग्लुटाथायोनची जागा घेतं आणि आमिष आपल्या साथीदारांसह सुटून येतं. जे अ‍ॅगारोजलाच चिकटलं होतं ते बरंचसं मागे राहतं. आमिष आणि जीएसटी यांच्यामध्ये प्रोटिएजने कापण्याची जागा ठेवली तर आणखी चांगलं. ज्या दाराने आमिष आत आलं त्याच दाराने त्याला बाहेर काढायचं, म्हणजे भिंतीतून घुसलेले मागे राहतात. १९९९ साली हायडलबर्गच्या ईएमबीएल प्रयोगशाळेतल्या रिगो, सेराफाँ आणि सहकाऱ्यांनी हाच विचार दोनदा वापरला. आमिषाला दोन खुणा लावल्या, पहिल्या बीड्सवरून कापून सोडवलं आणि दुसऱ्यावर पुन्हा धरलं. प्रत्येक पायरीवर शंभरात एक उपरा येत असेल तर दोन पायऱ्यांनंतर दहा हजारांत एक. यीस्टच्या प्रथिनांची मोठी जाळी पुढे याही रीतीने काढली गेली. अर्थात दोनदा धरण्याच्या त्या लांब वेळेत सैल साथीदार गळतातच.

इथे सगळी वाट एका जागी येऊन अडते. जितकं कडक धुवावं, जितक्या पायऱ्या वाढवाव्यात, तितका उपरा कमी होतो आणि साथीदारही कमी होतो. दोघांच्या पकडीत निसर्गाने रेघ मारून ठेवलेली नाही. काही उपरे खऱ्या साथीदारापेक्षा घट्ट चिकटतात. असा कोणताही बफर नाही ज्यात सगळे उपरे गेले आणि सगळे साथीदार उरले. पार्श्वभूमी शून्यावर आणणं हे ध्येयच ठेवलं, तर शेवटी हातात राहतो तो सगळ्यात घट्ट आणि बहुधा आधीच ठाऊक असलेला एक साथीदार. म्हणून मला वाटतं कंट्रोलला प्रयोगाची दुसरी बाजू न म्हणता प्रयोगच म्हणावं. खरं म्हणजे आपण मोजत असतो तो दोन नळ्यांमधला फरक, आणि त्या दोन नळ्या जितक्या सारख्या असतील तितका तो फरक बोलका.

नुसतं जीएसटी हा कंट्रोल म्हणून त्यामुळे थोडा दुबळाच आहे. त्याचा आकार वेगळा, भार वेगळा, घडी वेगळी. १४-३-३ च्या बाबतीत याहून कितीतरी चांगला कंट्रोल हाताशी आहे: तेच प्रथिन, एक अमिनो आम्ल बदललेलं, ज्याने फॉस्फेट धरण्याची खाच बिघडते. किंवा पलीकडच्या बाजूने, सीडीसी२५सीच्या २१६ व्या सेरीनच्या जागी अ‍ॅलानीन. दोन्ही नळ्यांत बीड्स तेच, आमिषाचं वजन तेच, घडी तीच, एका अणुगटाचा फरक. बाकी सगळे उपरे दोन्हींकडे सारखेच येऊ देत. जे एकाच नळीत येतं ते त्या अणुगटामुळे येतं, हे छातीठोकपणे म्हणता येतं. ज्या आमिषाचा असा बिघडवलेला जोडीदार बनवता येतो, तिथे तो न बनवता बफरशी झगडत बसणं मला वेळेचा अपव्यय वाटतो.

मॅथियस मान यांच्या गटाने २००२ साली मांडलेली सिलॅक ही रीत हाच विचार टोकाला नेते. एका थाळीतल्या पेशींना जड आयसोटोप असलेली अमिनो आम्लं खाऊ घालायची, दुसऱ्या थाळीला साधी. जड लायसेट आमिषावर, हलकं लायसेट कंट्रोलवर, आणि शेवटी दोन्ही मिसळून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. उपऱ्या प्रथिनाची जड आणि हलकी रूपं एकास एक निघतात, कारण ते दोन्हींकडे सारखंच चिकटलं. साथीदाराचं पारडं जड बाजूला झुकतं. मग हलकं धुतलं तरी चालतं, सैल साथीदारही टिकतात, आणि अ‍ॅक्टिन कितीही आलं तरी ते स्वतःच 'मी उपरा' असं सांगतं. घालवणं जमत नव्हतं, ते ओळखणं जमलं. २०१३ साली अलेक्सी नेस्विझ्स्की, अ‍ॅन-क्लॉड गिंग्रास आणि अनेक प्रयोगशाळांनी मिळून आपापले कंट्रोल एकत्र केले आणि 'क्रॅपोम' हा उपऱ्यांचा खुला कोश उभा केला. आपल्या यादीतलं एखादं प्रथिन इतरांच्या किती रिकाम्या नळ्यांत आलं आहे, हे तिथे पाहता येतं. वर्षानुवर्षं लोक जे जेल टाकून देत होते, तेच एकत्र केल्यावर संदर्भग्रंथ झालं.

तरीही दुसऱ्यांची यादी आपल्या रिकाम्या नळीची जागा घेत नाही. आपल्या पेशी वेगळ्या, बीड्सची बॅच वेगळी, लायसेट बनवणारा हात वेगळा. म्हणून पहिल्यांदा पुल-डाउन लावणाऱ्या विद्यार्थ्याला, तो खारघरला असो की पुण्याला की बंगळुरूला, माझं कळकळीचं सांगणं आहे: नव्या लायसेटचा पहिला मिलिलिटर आमिषावर खर्च करू नका. तो रिकाम्या बीड्सवर आणि नुसत्या जीएसटीवर घाला, जेल चालवा, आणि जे दिसेल त्याचा फोटो तारखेसह वहीत लावा. शोधनिबंध लिहाल तेव्हा कंट्रोलचा तो रकाना कापू नका, वरपासून खालपर्यंत पूर्ण छापा. वाचणाऱ्याला तुमच्या साथीदाराची पारख त्या रकान्यावरूनच करायची आहे.